फौंड्री, गूळ आणि करकायद्याचा वकील

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा फौंड्रीमालक भंगार विकत घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी मोजतो आणि तो आपल्या देण्यातून वजा करून घेतो. विकणाऱ्याने तो कर सरकारजमा केलाच नसेल, तर नोटीस मात्र फौंड्रीमालकाला येते. करकायद्याच्या वकिलाचा कस इथे लागतो. बिल, ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, बँकेचा उतारा असे एकेक कागद जुळवून माल खरोखर आला होता, हे दाखवावे लागते. आदेश विरुद्ध गेला तर तीन महिन्यांत अपील करायचे, तेही वादातल्या कराची १० टक्के रक्कम आधी भरून. लहान कारखानदाराला हा भार जड जातो.

गुळाचा प्रश्न वेगळा. सुट्या गुळावर कर नाही. तोच पाकीटबंद करून लेबल लावून विकला की ५ टक्के. याशिवाय भागीदारीचे करारपत्र आणि भावाभावांतली धंद्याची वाटणी ही कामे असतातच.

विवरणपत्रे सीए आणि करसल्लागारही भरतात. पक्षकारासाठी उच्च न्यायालयात बाजू मांडतो तो वकील. त्यासाठी बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण, सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा लागते. शहाजी लॉ कॉलेजमुळे शिक्षणाची सोय कोल्हापूर शहरातच आहे. ताळेबंद वाचण्याची नजर मात्र ज्येष्ठांच्या हाताखालीच येते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. आयकर अपील न्यायाधिकरणाचे खंडपीठ मात्र पुण्यात आहे.