पाच संघ, एक यष्टिरक्षक

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की, एवढंच आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. ऑफिसमधल्या अमेरिकन मंडळींमुळे त्याचा इतिहास वाचला, आणि त्यातली एक गोष्ट सयाजीगंजात बसून अगदी ओळखीची वाटली.

१८८९ मध्ये तिथल्या कॉलेजच्या खेळाडूंमधून पहिला 'ऑल-अमेरिका' संघ निवडला गेला. अकराच्या अकरा जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे! नाव देशाचं, संघ पूर्वेकडच्या तीन कॉलेजांचा. पुढे वर्षानुवर्षं ही यादी करणारा वॉल्टर कॅम्प स्वतः येलचा. टीव्ही नव्हता, शिकागोची मॅच बघायला जाणार कोण? कॅम्पच्या पहिल्या संघात पूर्वेबाहेरचा खेळाडू, शिकागोचा क्लॅरेन्स हर्शबर्गर, यायला १८९८ उजाडलं. हळूहळू पश्चिमेच्या, दक्षिणेच्या जाणकारांनी आपापले 'ऑल-वेस्टर्न', 'ऑल-सदर्न' संघ जाहीर करायला सुरुवात केली. आमची पोरं तुम्हाला दिसत नसतील, तर आम्हीच दाखवतो!

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे काम दुलीप ट्रॉफीने केलं. १९६१-६२ पासून देशाचे पाच विभाग झाले. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र आणि आपलं बडोदा. (नागपूरचा विदर्भ मात्र मध्य विभागात. हे आजही अनेकांना पटत नाही.) पहिली ट्रॉफी पश्चिम विभागानेच जिंकली.

पण एक मोठा फरक आहे. अमेरिकेतले ते संघ मुख्यतः कागदावरचे. आपला पश्चिम विभाग खरोखर मैदानात उतरतो, आणि यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज एकाच्याच हातात जातात. ऐंशीच्या दशकात बडोद्याचे किरण मोरे आणि मुंबईचे चंद्रकांत पंडित, दोघंही याच विभागातले. दोघंही भारताकडून खेळण्याच्या तोडीचे. त्यात बडोद्यातच नयन मोंगिया मागून येत होते. मोरे ४९ कसोटी खेळले, मोंगिया ४४, पंडित पाच. मोंगियांचं कसोटी पदार्पण झालं जानेवारी १९९४ मध्ये, मोरेंची कारकीर्द संपल्यावर. पूर्वेत किंवा मध्य विभागात जन्मले असते तर यांच्यातल्या कुणाला एवढी वाट पाहावी लागली असती का, हा प्रश्न मला अजून सतावतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, क्रम लावण्याआधी गट कसे पाडता यावरच अर्धा निकाल ठरतो.

तरीही विभाग हवेतच, असं माझं मत. मुंबईच्या रणजी संघाचा दबदबा एवढा, की विभागाच्या संघात शिरलेला बडोद्याचा मुलगा आपोआप मोठ्या नजरांसमोर येतो. २०२४ मध्ये दुलीप ट्रॉफीतून विभाग काढून ए, बी, सी, डी असे संघ केले गेले. त्या अक्षरांशी आपलं काय नातं? २०२५ मध्ये विभाग परत आले तेव्हा बरं वाटलं.

दादरचे माझे मेहुणे आले की पश्चिम विभागाचा सार्वकालिक संघ काढायचा कार्यक्रम ठरलेला. ते पंडितांचं नाव लिहितात, मी मोरेंचं. शेवटी तोडगा एकच निघतो: ग्लोव्हज मोरेंकडे, पंडित निव्वळ फलंदाज. १९८६ मध्ये हेडिंग्लेच्या कसोटीत, पंडितांच्या पदार्पणाला, नेमकं हेच झालं होतं.