सत्ता त्यांची, म्हणून कोर्टही त्यांचं?

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला. 9 डिसेंबरला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तेव्हापासून बीडमध्ये सत्ताधाऱ्यांबद्दल एक वाक्य वरचेवर कानावर येतं : सत्ता त्यांची, म्हणजे कोर्टही त्यांचंच. हा समज खोडायलाच हवा. त्याने फिर्यादी आणि साक्षीदार कच खातात.

गैरसमज : आमदार, पालकमंत्री मर्जीतला न्यायाधीश आणतात.

वस्तुस्थिती : कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. जिल्हा न्यायाधीश राज्यघटनेच्या कलम 233 नुसार राज्यपाल नेमतात, तेही उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने. पुढे बदली, बढती, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं कलम 235 खाली उच्च न्यायालयाच्या ताब्यात. जिल्ह्यातल्या सहाही आमदारांनी मिळून पत्र दिलं, तरी मंत्रालय सत्र न्यायाधीशाची बदली करू शकत नाही.

गैरसमज : सरकारी वकीलही कोर्टच नेमतं.

वस्तुस्थिती : इथे मात्र सरकारचा हात थेट पोहोचतो. खटल्यासाठी विशेष सरकारी वकील राज्य सरकार नेमतं. अट किमान दहा वर्षांच्या वकिलीची. देशमुख खटल्यात फेब्रुवारी 2025 मध्ये उज्ज्वल निकम आले. 2024 ची लोकसभा ते भाजपकडून लढले होते, म्हणून आक्षेप निघाले. पण त्यांनाच नेमा ही मागणी मस्साजोगकरांनी लावून धरली होती. वकील बाजू मांडतो, निकाल देत नाही. तरीही राजकारणाची सावली शोधायची तर ती या नेमणुकांमध्ये शोधावी.

गैरसमज : पक्षात काम केलेल्याला न्यायाधीश होता येत नाही.

वस्तुस्थिती : राज्यघटनेत असा मज्जाव नाही. 1957 मध्ये केरळात मंत्री झालेले कृष्णा अय्यर 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 2025 मध्ये भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांची मुंबई उच्च न्यायालयासाठी कॉलेजियमने (न्यायाधीशांच्या निवड मंडळाने) शिफारस केली, तेव्हा आमदार रोहित पवार यांनी हरकत घेतली. साठे यांनी जानेवारी 2024 मध्येच पद सोडल्याचं भाजपने सांगितलं. नियुक्ती कायदेशीरच, पण पक्षाचं पद आणि न्यायासन यांत काही वर्षांचं सक्तीचं अंतर असावं, असं माझं ठाम मत आहे.

बीडच्या न्यायाधीशाविषयी तक्रार असेल, तर ती शपथपत्रासह उच्च न्यायालयाकडे करावी. खटला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करून हवा असेल, तर अर्ज छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात करावा. यांपैकी कशासाठीही आमदाराच्या दारात जाऊ नका.