लाल प्रकाशाचे पॅनेल : खोक्यावरचे वॅट आणि अंगावर पडणारा प्रकाश

यंत्रमागावर दहा-बारा तास उभे राहणाऱ्याचे गुडघे, जरीच्या अड्ड्यावर वाकून बसणाऱ्याची मान आणि शिलाई मशीन चालवणाऱ्याचे खांदे ही आपल्या धंद्यांची जुनी दुखणी आहेत. त्यांवर तेल, शेक, मलम आणि गोळ्या हे उपाय घरोघर चालत आले. आता त्यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. लाल एलईडी दिव्यांनी भरलेले, टेबलावर उभे करायचे किंवा भिंतीला टांगायचे हे पॅनेल ‘रेड लाइट थेरपी’ या नावाने विकले जाते. मोबाईलवर त्याच्या जाहिराती सारख्या दिसतात आणि किंमत काही हजारांपासून लाखाच्या वर जाते. भिवंडी आणि मालेगावच्या काही वाचकांनी हे घ्यावे का, असे आम्हांस विचारले आहे. दोघा दुकानदारांनी ते विक्रीस ठेवावे का, असे विचारले आहे. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने करायचा हिशोब एकच असल्यामुळे दोघांना एकत्रच उत्तर देत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही निव्वळ भोंदूगिरी नाही. १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथील डॉक्टर एंड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीवरील केस काढून तेथे मंद लाल लेसरचा प्रकाश सोडला. गाठींवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. गाठींवर काही झाले नाही, पण प्रकाश पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तेव्हापासून या विषयावर संशोधन चालू आहे. पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील एक घटक हा प्रकाश शोषून घेतो आणि त्यामुळे पेशीचे काम सुधारते, असा कयास आहे. जाहिरातीत ‘नासाचे तंत्रज्ञान’ असे लिहिलेले असते, त्यात तथ्य एवढेच की नासाच्या मदतीने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी बनवलेले एलईडी दिवे पुढे १९९० च्या दशकात जखमांवरच्या प्रयोगांत वापरले गेले. बाजारातले पॅनेल नासाने तपासले, असा त्याचा अर्थ नाही.

गुण कशात दिसला आहे? कर्करोगाच्या उपचारात रुग्णाच्या तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी रुग्णालयांत हा प्रकाश वापरला जातो आणि त्याला चांगला आधार आहे. केस विरळ होण्यावर आणि चेहऱ्याच्या बारीक सुरकुत्यांवर थोडाफार उपयोग दिसला आहे. मानेच्या दुखण्यावर झालेल्या १६ चाचण्यांचा आढावा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आला. त्यात जुन्या मानदुखीला २२ आठवड्यांपर्यंत आराम मिळाल्याचे आढळले. गुडघ्याच्या झिजेवरही योग्य मात्रेत आराम मिळाल्याचे नोंदले गेले आहे. मात्र जाहिरातदार एक गोष्ट सांगत नाही. मान आणि गुडघ्याच्या या चाचण्या लेसरच्या होत्या. अशा उपचारात लेसर साधारणतः दुखऱ्या जागेवर त्वचेला टेकवून किंवा अगदी जवळ धरून देतात. फूट-दीड फुटावर ठेवलेल्या एलईडी पॅनेलने तेवढेच होईल, असे त्यांतून सिद्ध होत नाही. वजन उतरणे, थायरॉईड, साखर, मर्दानी ताकद यांचे जे दावे केले जातात, त्यांवर एक पैसाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य हिशोबाकडे येऊ. औषधाची जशी मात्रा असते तशीच प्रकाशाची असते. त्वचेच्या एक चौरस सेंटीमीटर जागेवर किती मिलिवॅट प्रकाश पडतो आणि किती सेकंद पडतो, यांचा गुणाकार करून हजाराने भागले की ज्यूलमध्ये मात्रा निघते. २५ मिलिवॅट प्रकाश दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद पडला तर १५ ज्यूल. ही मात्रा फार कमी असेल तर उपयोग नाही, आणि फार जास्त झाली तर गुण उलट कमी होतो, असे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. म्हणून ‘जास्त वेळ बसा, जास्त फायदा’ हे येथे लागू नाही. त्याचप्रमाणे आपल्या पॅनेलमधून प्रत्यक्षात किती मिलिवॅट मिळतात, हे कळल्याशिवाय किती वेळ बसायचे तेही ठरवता येत नाही.

आणि घोटाळा नेमका याच आकड्यात आहे. खोक्यावर ‘१००० वॅट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पाच वॅटचे २०० दिवे, म्हणून हजार वॅट, असा तो हिशोब. पण दिवा पाच वॅट सहन करू शकतो आणि तो पाच वॅटवर चालवला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे पॅनेल पुष्कळदा त्या आकड्याच्या पाव हिश्श्याइतकीही वीज घेत नाही. मागच्या बाजूची पट्टी वाचावी, किंवा प्लगमध्ये लावायचा वीज मोजणारा छोटा मीटर आणून पाहावे. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो मिळतो.

दुसरा आकडा मिलिवॅटचा. ‘१५० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर’ असे पुष्कळ पॅनेलांवर लिहिलेले असते. हा आकडा बहुधा सूर्यप्रकाश मोजण्याच्या स्वस्त मीटरने घेतलेला असतो. तो मीटर उन्हासाठी जुळवलेला असल्याने लाल एलईडीसमोर वाढीव आकडा दाखवतो, कधी दुपटीच्या आसपास. शिवाय मोजमाप पॅनेलच्या मध्यावर, अगदी जवळून घेतलेले असते.

हे खरे की खोटे ते पाहायला मीटर लागत नाही, दुकानातला कॅल्क्युलेटर पुरे आहे. समजा एक पॅनेल प्रत्यक्षात १०० वॅट वीज घेते. त्यातली फार तर निम्मी वीज प्रकाश बनून बाहेर येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे ५० वॅट प्रकाश, अर्थात ५०,००० मिलिवॅट. पॅनेल ३० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच असेल तर क्षेत्र १८०० चौरस सेंटीमीटर झाले. ५०,००० भागिले १८००, उत्तर सुमारे २८ मिलिवॅट. सगळा प्रकाश तेवढ्याच जागेवर पडला, थोडाही बाजूला गेला नाही, असे धरूनही सरासरी २८ च्या वर जाऊ शकत नाही. भिंगे बसवून मध्यभागी आकडा वाढवता येतो, पण मग तेवढाच तो कडेला कमी होतो. अशा पॅनेलवर १५० लिहिलेले असेल तर विक्रेत्याला फक्त एवढेच विचारावे : आकडा किती अंतरावरचा, कोणत्या मीटरचा, आणि कडेला किती? उत्तर मिळाले नाही तर पॅनेल दुकानातच राहू द्यावे.

२८ मिलिवॅट म्हणजे वस्तू वाईट, असे मात्र नव्हे. घरच्या वापराला एवढा प्रकाश चालतो. हरकत आहे ती २८ चा माल १५० च्या भावाने घेण्याला.

प्रकाशाचा रंगही पाहावा. प्रयोगांत मुख्यत्वे दोन पट्टे वापरले गेले आहेत. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल, जो त्वचेत वरवर राहतो, आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा अवरक्त, जो त्याहून खोल जातो. चेहऱ्यासाठी लाल पुरे, सांध्यांसाठी दोन्ही असलेले घ्यावे. ८५० चे दिवे डोळ्याला जवळजवळ विझलेले दिसतात. गिऱ्हाईक ‘अर्धे दिवे बंद आहेत’ म्हणून तक्रार करते, ते यामुळेच. मोबाईलचा कॅमेरा त्यांच्याकडे धरला की पडद्यावर ते बहुधा जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. आधी टीव्हीच्या रिमोटवर कॅमेरा तपासून घ्यावा, कारण काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात असा प्रकाश येत नाही, पुढच्यात येतो.

आपल्या पुष्कळ घरांत शेकण्याचा लाल बल्ब असतो. तो आणि हे पॅनेल एक नव्हे. बल्बचे काम उष्णतेचे आहे आणि आखडलेल्या स्नायूला त्याने बरे वाटते. ज्यांना तेवढ्याने आराम पडतो, त्यांनी नवा खर्च कशासाठी करावा, हे आम्हांला समजत नाही.

पॅनेलच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा प्रकाश कपड्यातून नीट जात नाही, अंग उघडे लागते. गुडघ्यासाठी किंवा पाठीसाठी परक्यांसमोर बसणे ज्या भगिनींना अवघड वाटते, त्यांना घरात, आपल्या खोलीत वापरता येणारी वस्तू सोयीची आहे. विजेचा खर्च तर नगण्य. १०० वॅटचे पॅनेल रोज दहा मिनिटे लावले तर महिन्याला अर्धे युनिट जळते.

परंतु याच भगिनींना ‘उन्हाला पर्याय’ म्हणून पॅनेल विकले जात असेल तर तो सरळ खोटेपणा आहे. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते त्यातील अतिनील किरणांनी, आणि लाल पॅनेलमध्ये ते किरण नसतात. अंगावर ऊन न पडणाऱ्या स्त्रियांची हाडे, कंबर, पिंढऱ्या दुखतात, त्यामागे पुष्कळदा याच जीवनसत्त्वाची कमतरता असते. रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांचा खर्च पॅनेलच्या तुलनेत काहीच नाही. तो आधी करावा.

कंबर किंवा पाठ महिनोन्महिने दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, अशी लक्षणे असतील तर मणक्याचा क्षय असू शकतो. दाट वस्तीच्या आणि यंत्रमागाच्या गावांना हा रोग नवा नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात. डावा खांदा आणि हात चालताना दुखून बसल्यावर थांबत असेल तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा माणसाला लाल दिव्यासमोर बसवणे म्हणजे वेळ घालवणे होय.

साखर असून पाय बधिर असणाऱ्यांनी पॅनेल जवळ ठेवू नये, कारण चटका बसला तरी कळत नाही. कर्करोगाची गाठ असलेल्या जागी, गरोदरपणात, आणि उन्हाने त्रास होणारी औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. चेहऱ्यावर वांगाचे डाग असतील तर ते वाढण्याचा संभव असतो. दिव्यांकडे टक लावून पाहू नये, चष्मा लावावा. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटत नाही. मुलांना यापासून दूर ठेवावे.

कारखान्यात ठेवायचे असेल तर पंख्याचे पॅनेल घेताना विचार करावा. कापसाचे तंतू जाळीत अडकून पंखा बसतो आणि दिवे तापून लवकर मंद होतात. अर्थिंगची तीन पिनांची वायर असावी. पंखा किंवा आतला वीजपुरवठ्याचा भाग बिघडल्यास गावात दुरुस्त करून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

हप्त्यांविषयीही थोडे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावाने जो हप्ता मिळतो, त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दाखवली जाते आणि व्याजावर जीएसटी वेगळा पडतो. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी नावावर जाऊ नये. दुकानदाराशी एक ठरलेली किंमत करून, तीच रक्कम तीन-चार महिन्यांत फेडण्याची बोली करणे बरे.

आता विकणाऱ्यांसाठी. वेदना किंवा रोग यांवरील उपचाराचे म्हणून उपकरण विकले की ते २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. माल मागवण्यापूर्वी आयातदाराकडे परवाना आहे का ते पाहावे आणि विक्रीसाठी आपल्याला काय नोंदणी लागते, ते जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात विचारावे. खोक्यावर ‘एफडीए रजिस्टर्ड’ असते, ती अमेरिकेतली नोंद. तेथे नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असे खुद्द तेथेही मानत नाहीत. मधुमेह, मोतीबिंदू, लकवा बरा होतो असा फलक लावणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याने गुन्हा आहे.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. उत्पादकाने दिली नसलेली हमी विक्रेत्याने स्वतः दिली आणि माल तसा न निघाल्याने गिऱ्हाइकाचे नुकसान झाले, तर जबाबदार विक्रेता. उत्पादक कोण हेच कळत नसेल तरीही विक्रेताच. म्हणून ज्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली नाही, तो माल स्वस्त पडला तरी घेऊ नये.

कायदा बाजूला ठेवला तरी, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधला होता आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले होते, ही हकीकत आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. २८ चा आकडा वर ठेवून जो पॅनेल विकेल, त्याचा माल कदाचित सावकाश खपेल. आम्ही ज्या दुकानदारांशी बोललो, त्यांपैकी एकाने खोक्यावरच्या आकड्याशेजारी स्वतः मोजलेले वॅट लिहून चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली आहे, आणि वापरून पाहायला पंधरा दिवसांची परतीची मुदतही तो बिलावर लिहून देतो. घेणाऱ्यांनी अशी मुदत प्रत्येक ठिकाणी मागावी आणि ती तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्यावी.