विश्लेषण : स्वसंरक्षणाचे पिस्तूल मालकालाच का लागते? ‘डबल अ‍ॅक्शन’ किती सुरक्षित?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. जुहू येथील घरात परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात घुसली. उपचारानंतर ते बरे झाले. त्या घरात तेव्हा कोणी हल्लेखोर शिरला नव्हता. स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र ठेवताना, काढताना किंवा कमरेला लावतानाच अपघात का होतात? छोट्या ‘डबल अ‍ॅक्शन’ पिस्तुलांना तुलनेने सुरक्षित मानले जाते, ते कितपत खरे?

‘डबल अ‍ॅक्शन’ म्हणजे काय?

मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणतात. प्रत्यक्षात घोडा, म्हणजे हॅमर, हा पिस्तुलाच्या मागच्या बाजूचा एक भाग. तो पुढे आपटला की फायरिंग पिन काडतुसावर आदळते आणि गोळी सुटते. ‘सिंगल अ‍ॅक्शन’मध्ये घोडा आधीच मागे ओढलेला असतो आणि ट्रिगर तो फक्त सोडतो. ‘डबल अ‍ॅक्शन’मध्ये ट्रिगर दोन कामे करतो : आधी स्प्रिंगविरुद्ध घोडा मागे खेचतो आणि मग सोडतो. त्यामुळे ट्रिगर जड लागतो आणि बोटाला लांबवर ओढावा लागतो. साधारण साडेचार ते साडेपाच किलो इतका जोर लागतो. म्हणजे पाच किलोची पिठाची पिशवी एका बोटाने उचलण्याइतका. ‘सिंगल अ‍ॅक्शन’मध्ये हेच काम सुमारे दोन किलोत होते. जर्मनीच्या वॉल्थर कंपनीने १९२९ मध्ये ‘पीपी’ आणि १९३१ मध्ये तिची छोटी आवृत्ती ‘पीपीके’ आणल्यावर ही पद्धत खिशातल्या पिस्तुलांत रुळली.

मग धोका कुठे असतो?

धोका पहिल्या गोळीनंतर असतो. अशा बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताच स्लाइड मागे जाते, पुढचे काडतूस चेंबरमध्ये भरते आणि घोडाही मागेच अडकतो. म्हणजे दुसऱ्या गोळीपासून तेच पिस्तूल हलक्या ट्रिगरचे झालेले असते. चेंबर भरण्यासाठी हाताने स्लाइड ओढली तरी हेच घडते. याच अवस्थेत पिस्तूल कमरेला खोचणे हा अपघाताचा सोपा रस्ता. त्यासाठी अनेक पिस्तुलांना ‘डीकॉकर’ नावाचा खटका असतो. तो दाबला की गोळी न सुटता घोडा खाली येतो आणि ट्रिगर पुन्हा जड होतो. काही पिस्तुलांत हाच खटका सेफ्टीचेही काम करतो, काहींत तो नसतोच. त्यामुळे आपल्या हातातल्या पिस्तुलाचे माहितीपत्रक वाचणे हा पहिला धडा. नळी सुरक्षित दिशेला, ट्रिगरवरून बोट बाजूला, घोडा खाली आणि मगच पिस्तूल होल्स्टरमध्ये, हा क्रम चुकता कामा नये.

होल्स्टर खरेच हवे का?

हवेच. २००८ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये ट्रॅक पँटच्या कमरेला पिस्तूल खोचून गेला. ते घसरले, ते सावरताना गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत गेली. त्या शहरात चालणारा परवाना नसल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षाही झाली. चांगले होल्स्टर तीन कामे करते : ट्रिगर पूर्ण झाकते, पिस्तूल जागचे हलू देत नाही आणि दरवेळी ते एकाच जागी हाताला लागते. खिशात बाळगायचे असेल तर त्या खिशात किल्ल्या, नाणी, पेन काहीही नको आणि तिथेही खिशाचे वेगळे होल्स्टर हवे. परत ठेवताना शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरपाशी अडकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. पिस्तूल काढताना घाई समजण्यासारखी आहे, ठेवताना घाईचे कारण नसते.

पर्समध्ये ठेवले तर?

३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल बाहेर काढले. गोळी सुटली आणि आईचा जागीच मृत्यू झाला. पर्स खांद्यावरून उतरते, ट्रॉलीत जाते, खुर्चीला अडकते. शस्त्र मात्र अंगावरच असायला हवे.

हातातून निसटले तर झेलावे का?

नाही. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप पुढे जातो आणि बोट नेमके ट्रिगरमध्ये अडकते. आधुनिक पिस्तुलांत फायरिंग पिन अडवणारा एक ब्लॉक असतो, तो ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय बाजूला होत नाही. त्यामुळे सुस्थितीतले असे पिस्तूल पडूनही सहसा सुटत नाही. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो आणि पडताना त्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवण्याची जुनी पद्धत आहे.

घरी आल्यावर काय करावे?

मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा सर्वात घातक गैरसमज. एक काडतूस चेंबरमध्ये उरलेले असते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर काढायचे आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासायचे. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. त्यानंतर पिस्तूल आणि काडतुसे वेगवेगळ्या, कुलूपबंद जागी. कपाटातल्या कपड्यांखालची जागा घरातल्या मुलांना आपल्याआधी माहीत असते.

कायदा काय सांगतो?

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरसारख्या साधनात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. ते दाखवत मिरवण्यास मनाई आहे. निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात घातला, किंवा लग्न-वरातीत हवेत गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला आवश्यक तेवढ्याच बळापुरता.

पिस्तुलाचा जड ट्रिगर चुकीच्या क्षणी थोडी उसंत देतो, इतकेच. होल्स्टर, डीकॉकर आणि रिकाम्या चेंबरची सवय मात्र सरावानेच लागते. तो सराव रेंजवर, प्रशिक्षकासमोर आणि आधी रिकाम्या पिस्तुलावर करावा.