पिरॅमिडच्या चढणीतच संपणारी ताकद

पहिल्या सेटला पंधरा रेप्स, मग प्लेटा चढवून बारा, आणखी चढवून दहा, शेवटी आठ नाहीतर सहा. जिममध्ये नव्याने आलेल्या मुलाला मिळणारा पहिला तक्ता बहुतेक वेळा असाच असतो. वजन वर जातं, रेप्स खाली येतात, म्हणून हा पिरॅमिड. पद्धत जुनी आहे आणि उपयोगीही आहे. मात्र तिच्याभोवती जमलेल्या समजुतींमुळे ताकद वाढवायला आलेली माणसं महिनोन्‌महिने एकाच वजनावर अडकतात. घाम भरपूर गळतो, बारवरचा आकडा हलत नाही. नेटाने मेहनत करणाऱ्यांच्या वाट्याला हे यावं, याचं वाईट वाटतं.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की सुरुवातीचे हलके सेटही दम निघेपर्यंत मारायचे, नाहीतर ते वाया जातात.

समजा, तुमचं स्क्वॉटचं वजन ८० किलो आहे आणि ते तुम्ही ताजेतवाने असताना पाच वेळा उचलू शकता. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे तुम्ही ५० किलोचे पंधरा, ६० चे बारा आणि ६५ चे दहा रेप्स मारता. ८० किलोला हात लावण्याआधीच २,१२० किलो वजन उचलून झालेलं असतं. मांड्या भरून आलेल्या असतात, धाप लागलेली असते आणि पाचऐवजी कसेबसे दोन रेप्स होतात. आता दुसरी वाट पाहा. २० किलोचा नुसता बार आठ वेळा, ४० किलो पाच वेळा, ६० तीन वेळा, ७० फक्त एकदा. एकूण ६१० किलो. सांधे मोकळे झाले, हालचाल बसली, वजनाचा अंदाज आला आणि पाय अजून ताजे आहेत. आता ८० किलोचे पाचही रेप्स नीट निघतात. माथ्यावरचं वजन दोन्हीकडे तेच, पण ताकदीच्या दृष्टीने दुसरा पिरॅमिड पहिल्यापेक्षा कितीतरी सरस.

याचं कारण शरीराच्या कामाच्या पद्धतीत आहे. हलक्या कामाला स्नायूंमधले छोटे, लवकर न थकणारे गट आधी लागतात. मोठे आणि जोरकस गट, गरज वाढेल तसे, मागून कामाला येतात. जड वजन उचलताना मज्जासंस्थेला हे सगळे गट एकदम कामाला लावावे लागतात, आणि ते ती सरावानेच शिकते. स्नायूचा आकार हलक्या वजनावर भरपूर रेप्स मारूनही वाढतो. एका दमात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद मात्र जड वजनाच्या सरावाने अधिक वाढते. थकलेल्या शरीराने तो सराव नीट होत नाही.

या पद्धतीचा इतिहासही हेच सांगतो. पिरॅमिड ही शरीरसौष्ठवाच्या मंचावरून आलेली चीज आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वाढत्या वजनाच्या सेटांची शास्त्रीय मांडणी रुग्णालयात झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करण्यासाठी थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने जड वजनाचे व्यायाम वापरले आणि १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्याने तीन सेटांची पद्धत मांडली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने, आणि प्रत्येकात दहाच रेप्स. म्हणजे पहिल्या दोन सेटांत दम काढणं अभिप्रेतच नव्हतं.

‘उलटा पिरॅमिड म्हणजे दुखापतीला आमंत्रण’ हेही असंच कानावर पडतं. जड सेट आधी आणि हलके नंतर, ही कल्पना ऑक्सफर्डमध्ये झिनोव्हिएफ यांनी १९५१ मध्ये मांडली, तीही रुग्णांसाठीच. चढत्या क्रमात रुग्ण थकतात, ही त्यांची अडचण होती. धोका असतो तो वॉर्म-अप टाळण्यात. वर सांगितल्याप्रमाणे अंग तयार करून ८० चे पाच, मग ७२.५ चे सात आणि ६५ चे नऊ मारले, तर जड काम ताजेपणी होतं आणि पुढच्या सेटांत स्नायूंना पुरेसं कामही मिळतं. वर्षभर नीट सराव झालेल्यांसाठी मला हाच क्रम अधिक पटतो.

चढत्या-उतरत्या आकारातच काही खास शक्ती असते का? नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१७ साली सराव असलेल्या पुरुषांवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगात एकूण काम सारखं ठेवलं, तेव्हा चढत्या पिरॅमिडने आणि एकाच वजनाच्या साध्या सेटांनी ताकद सारखीच वाढली. म्हणून नवख्याने पिरॅमिडच्या मागे लागायची गरज नाही. एकाच वजनाचे तीन सेट त्याला पहिले काही महिने सहज पुरतात.

दोन सेटांमधली विश्रांती म्हणजे वेळ दवडणं नव्हे. २०१६ च्या एका अभ्यासात तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद एकच मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. माथ्यावरच्या सेटाआधी तेवढं थांबाच. आणि माथा म्हणजे दर वेळी एका रेपचं कमाल वजनही नव्हे. तीन ते पाच रेप्स, तेही आणखी एक निघाला असता अशा बेताने, एवढं पुरतं. सगळे रेप्स नीट निघाले की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो.

हे फक्त तरुणांचं काम, असं मानून आई-वडिलांना यातून वगळू नका. वयस्कर स्त्रियांवर ब्राझीलमध्येच झालेल्या प्रयोगात पिरॅमिडनेही ताकद वाढली आणि साध्या सेटांनीही. मात्र श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आठ-दहा रेप्स आरामात निघतील एवढंच वजन घ्यावं आणि वजन वर नेताना श्वास सोडत राहावा.