माणदेश घरच्या कपाटात हवा!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत माझ्या लेकानं पुण्याच्या पाहुण्यांना ‘आम्ही सांगलीकडचे’ एवढंच सांगितलं. आटपाडीचं नाव घ्यायची लाज वाटली त्याला! शाळेत मी दुसऱ्यांची मुलं शिकवते, घरच्याला मात्र गावाचा दुष्काळच तेवढा सांगितला.

मग व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणली. धनगरांच्या वाडीवरचा कोवळा मास्तर, वाडीनं उभारलेली तालीम, शेवटी दुष्काळानं ओस पडलेली घरं... मी मोठ्यानं वाचू लागले, की सासूबाईंची ज्वारी सुपात तशीच राहते. गदिमांचं ‘गीतरामायण’ तर त्यांना पाठच. ५६ गीतं, बाबूजींच्या चाली!

शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ मात्र त्यांना बोचतं. आपल्याच गावच्या महारवाड्यातलं जिणं आहे ना त्यात! बोचू दे, मुलांच्या हाती तेही द्याच, नुसतं कौतुक काय कामाचं? हे तिघंही आमच्या तालुक्यातले, नि तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष (गदिमा १९७३, व्यंकटेश १९८३, खरात १९८४). लेकाला हे ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्या कुठल्या दुकानात मिळायच्या नाहीत. म्हणून लेकाला वही घेऊन त्यांच्यापुढं बसवलाय. परवापर्यंत पंधरा झाल्या.