हॅश केला म्हणून नंबर लपत नाही

बिलाच्या काउंटरवर आपण मोबाईल नंबर सांगतो, तो दुकानदाराला दिला अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बिलिंगचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, एसएमएस पाठवणारी दुसरी, पॉइंट्सचा हिशेब ठेवणारी तिसरी आणि सणासुदीला जाहिराती दाखवणारी चौथी. या सगळ्यांची नावं खुद्द दुकानदाराला ठाऊक असतीलच असं नाही. अशा सेवा विकायला येणारा माणूस त्याला एक वाक्य ऐकवतो: 'नंबर तसाच जात नाही साहेब, हॅश होऊन जातो.' वाक्य खरं असतं. त्यातून मिळणारा दिलासा मात्र खोटा.

एसएचए-२५६ ही हॅश करण्याची सर्रास वापरली जाणारी पद्धत. तिच्यात दहा आकडी नंबर घाला की अख्खी ज्ञानेश्वरी, बाहेर येते ती ६४ अक्षरांची ओळ. नंबरातल्या शेवटच्या ५ चा ६ केला, तर सगळी ओळच बदलते. त्या ओळीवरून उलट हिशेब करत मूळ नंबरापर्यंत जाण्याची व्यवहार्य रीत कुणालाही सापडलेली नाही. चक्कीतल्या पिठाचं पुन्हा धान्य होत नाही, तसंच हे. पण जगातली सगळी धान्यं एकेक करून दळून पाहिली, तर हातातलं पीठ कशाचं ते कळणारच!

इथे धान्यं फार थोडी आहेत. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी आणि तो ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. माणसाला हा आकडा अवाढव्य वाटतो, पण गेम खेळण्यासाठी घेतलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. सगळे नंबर हॅश करून यादीशी ताडून पाहायचे, की काही सेकंदांत यादी उघडी.

न्यूयॉर्कला हे २०१४ मध्ये अनुभवास आलं. तिथल्या टॅक्सी आयोगानं माहिती अधिकारात आदल्या वर्षीच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची नोंद दिली. टॅक्सी आणि चालकांचे परवाना क्रमांक एमडी५ या जुन्या पद्धतीनं हॅश केले होते. क्रमांकांचा साचा ठरलेला, त्यामुळे एका सॉफ्टवेअर अभियंत्यानं सगळ्या शक्यता हॅश करून काही तासांत ते उलगडले. पुढे टॅक्सीत बसणाऱ्या सिनेतारकांच्या छायाचित्रांशी नोंदी जुळवून त्यांनी किती भाडं दिलं, हेही शोधलं गेलं.

हॅश करताना गुप्त किल्ली मिसळली, तर किल्ली नसलेल्याला हा उद्योग जमत नाही. मग तसं का करत नाहीत? कारण जाहिरातीसाठी नंबर जुळवायचे असतात. गूगलची 'कस्टमर मॅच' सेवा ग्राहकांची यादी एसएचए-२५६ नं हॅश करून घेते आणि गूगलकडच्या खात्यांच्या हॅशशी ताडते. दोन्हीकडे कृती एकच हवी, नाहीतर मेळ बसणार नाही. आणि जिथे मेळ बसला तिथे माणूस ओळखला गेला. हॅशमुळे माहिती अनामिक होत नाही, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जुलै २०२४ मध्ये स्पष्टच बजावलं.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, तिला वैयक्तिकच मानतो. वहीतला नंबर त्याच्या कक्षेत येत नाही, संगणकात चढवला की येतो. माहिती हाताळायला बाहेरची कंपनी नेमायची तर रीतसर करार हवा. करारात काहीही लिहिलं असलं, तरी त्या कंपनीच्या कामाची जबाबदारी ग्राहकाकडून माहिती घेणाऱ्या व्यावसायिकाचीच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांनी मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.

तेव्हा दुकानदारांनो, 'हॅश करता का?' एवढं विचारून थांबू नका. यादी कुणाकुणाकडे जाते आणि सेवा बंद केल्यावर किती दिवसांत पुसली जाईल, ते करारात लिहून घ्या. ग्राहकांसाठी वेगळी गोष्ट: मोबाईल नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. द्यायचा नसेल तर खुशाल नाही म्हणा.